पुरणाचें दिंड

श्रावण शुद्ध पंचमीस आमच्या जामखेडकडील कित्येक घरांत चुलीवर तवा चढत नाहीं, विळी उघडत नाहींत व तळणहि वर्ज्य असतें. त्या दिवशीं शेतकरी नांगर धरीत नाहीं. सर्पास इजा होऊं नये, हा भाव. मग सणाचें पक्वान्न व्हावें कसें? या पेचांतून घरच्या बायकांनीं काढलेला मार्ग म्हणजे दिंड.

गूळ आदल्या दिवशींच चिरून ठेवावा. हरभऱ्याची डाळ शिजवून गूळ, वेलदोडा, जायफळ घालून पुरण वाटावें. कणकेची पुरीएवढी पारी लाटून मध्यें पुरण ठेवावें, चारी कडा आंत दुमडून चौकोनी घडी करावी व ती उकडावी. वर साजूक तूप. ‘पूरण’ या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळीं भरणें.

इटलींत नेपल्स शहरीं ‘काल्झोने’ नांवाचा पदार्थ करतात. आंबविलेल्या कणकेंत चीज वगैरे भरून ती अर्धचंद्राकार दुमडतात व भट्टींत भाजतात. नांवाचा अर्थ विजारीचा पाय! देश निराळा, युक्ति एकच. कारण धान्य एकच. गव्हाचें पीठ भिजलें कीं त्यांत ग्लूटेन हें चिवट द्रव्य तयार होतें, म्हणून पारी ताणते, फाटत नाहीं. आमच्या भागाच्या जुन्या नित्याच्या अन्नांत, ज्वारींत, तें नाहीं. तिची भाकरी थापावी लागते. म्हणून घडीचें पक्वान्न गव्हाचें, आणि सणाचें.

आमच्या घरीं दिंडें जाणणाऱ्या एकट्या वहिनी उरल्या आहेत. त्यांनीं ऐंशी ओलांडली, हात कांपतात. सुना नोकरीस जातात. “यंदां पेढे आणूं,” असा विचार निघाला. त्यांना दोष देणें अन्यायाचें होय. परंपरा स्त्रियांच्या पाठीवर टाकावी आणि पुरुषांनीं पाटावर बसून तिचे गोडवे गावे, हें धर्मबुद्धीस शोभत नाहीं. पुरुषानें पुरण वाटूं नये, असें कोणत्याहि शास्त्रांत मीं वाचलेलें नाहीं.

तेव्हां वहिनी पाटावर बसून सांगूं लागल्या; मीं पुरण वाटलें, नातवानें पाऱ्या लाटल्या, सुनांनीं घड्या घातल्या. पहिलें दिंड वाफेंत उकललें. वहिनी म्हणाल्या, “बाळ, पारी जरा जाड ठेव. आणि भावोजी, कडेला पाण्याचें बोट लावायला सांगा त्यांना.” पुढचीं उकललीं नाहींत.

हें पाण्याचें बोट कोणत्या पुस्तकांत शोधावें? ज्यांच्या घरीं अशी एकच जाणती व्यक्ति उरली असेल, त्यांनीं पुढच्या पंचमीची वाट न पाहतां आजच तिच्याजवळ बसावें.