पुन्हा बाकावर

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. बिशपमहोदयांची अनुमती घेऊन मुंबईतील एका संस्थेत संज्ञापनविद्येच्या पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातले. शनिवारी पहाटेची मिस्सा आटोपायची आणि वसई रोडहून चर्चगेट लोकल पकडायची. पहिल्या दिवशी वर्गातील मुले मला प्राध्यापक समजून उभी राहिली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा हशा पिकला.

खरे सांगायचे तर, तेथे शिकण्यासारखे फारसे असेल असे मला वाटले नव्हते. अठ्ठावीस वर्षे वेदीवरून बोलणाऱ्याला बोलण्याचे धडे कोण देणार? (झग्याबरोबर हा गर्वही नकळत अंगाला चिकटतो.) वास्तविक धर्मगुरूंनी माध्यमांचे शिक्षण घ्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या ‘इंटर मिरिफिका’ या आदेशातच म्हटले आहे. सेमिनरीत तो आम्ही वाचला, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले आणि विसरलो.

हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र वर्गात शिकवले गेले. कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि परिणाम काय होतो, असे त्यात पाच प्रश्न आहेत. पहिल्या तिहींची उत्तरे मी झोपेतही दिली असती. शेवटचा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. प्रवचनाच्या वेळी कोणी उठून प्रश्न करीत नाही. मंडळी शांत बसते आणि त्या शांततेला आपण संमती समजतो.

स्वाध्याय असा होता : आपल्या एखाद्या भाषणातील श्रोत्यांना काय आठवते, ते तपासा. मी धर्मग्रामातील सात घरे गाठली. एका घरी ध्वनिक्षेपकाची शिटी आठवत होती. एका निवृत्त गुरुजींना दृष्टान्त आठवत होता. पण तो आदल्या वर्षीच्या प्रवचनातला निघाला.

सातवे घर एका विधवा मावशींचे होते. त्यांच्या यजमानांच्या महिन्याच्या मिस्सात मी संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रावर अठरा मिनिटे बोललो होतो. (प्रवचन आठ मिनिटांपेक्षा अधिक नसावे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस २०२४ साली म्हणाले होते.) पुनरुत्थानाच्या आशेवरील ते प्रवचन मला स्वतःला फार आवडले होते.

मावशी म्हणाल्या, “फादर, तुम्ही छान बोललात. पण माझ्या माणसाचं नाव एकदाही घेतलं नाहीत.”

प्रारंभी निवेदकाने नाव वाचले होते. माझ्या तोंडून मात्र ते आले नव्हते. त्या दिवसापासून, म्हणजे जवळजवळ आठ महिने, मावशी रविवारी शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जात होत्या. त्यांची जागा रिकामी आहे, हेही माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी वही मिटली. मग त्या दीड तास बोलल्या. यजमानांची केळीची बाग, पहाटे दादरला जाणारी फुलांची पाटी, शेवटच्या आजारात त्यांनी मागितलेली ताडी आणि आपण ती न दिल्याची खंत. मी मध्ये एकदाही बोललो नाही; मला ते फार जड गेले.

स्वाध्यायाला गुण बेताचेच मिळाले. आकडेवारी अपुरी, असा शेरा होता आणि तो योग्यच होता.

पुढील महिन्यात वर्षाची मिस्सा आहे. ती आपल्याच चर्चमध्ये व्हावी, असा मावशींचा परवा निरोप आला. प्रवचनाच्या कागदावर मी अजून यजमानांचे नाव तेवढे लिहिले आहे.