परडींतले पाहुणे

उष्ण प्रदेशांत जन्मलेल्या मनुष्यास रंगांचें अप्रूप उरत नाहीं. वैशाखांत गुलमोहर पेटतो, दसऱ्यास दारोदार झेंडूचीं तोरणें लागतात, कुंपणावर बोगनवेल ओसंडत असते. आणि आपण या सर्वांकडे घरच्या माणसांकडे पाहावें तसे, म्हणजे फारसें न पाहतां, पाहत असतों. परंतु या घरच्या मंडळींचीं मूळ गांवें विचारूं लागलें, म्हणजे मोठी मौज होते.

आमच्या घरीं देवपूजेसाठीं सकाळीं जी परडी भरते, तिचाच हिशेब घेऊं. झेंडू आणि निशिगंध हे मेक्सिकोचे. देवचाफा अमेरिकेच्याच उष्ण भागांतला. कर्दळीस लिनीयसनें १७५३ सालीं ‘इंडिका’ हें नांव दिलें खरें, पण तीही अमेरिकेचीच. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोहोंचल्यावर युरोपीय गलबतांनीं ज्या वनस्पती देशोदेशीं नेल्या, त्यांतलीं हीं फुलें. बोगनवेल कॉमर्सन नांवाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञास १७६७ सालीं ब्राझीलमध्यें आढळली, आणि तिला त्या सफरीच्या नायकाचें नांव मिळालें. गुलमोहर मादागास्कर बेटाचा. मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या आरंभीं मृतांच्या स्मरणार्थ झेंडूच्या राशी वाहतात. इकडे त्याच झेंडूनें आपण शस्त्रें आणि वह्या पूजितों. देवानें ज्यांचा स्वीकार केला त्यांस परके म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार?

मात्र देवाखेरीज या फुलांचा आणखी एक परीक्षक आहे. फुलाचा रंग आपल्या डोळ्यांसाठीं नसतो. ती आमंत्रणपत्रिका असते. मधमाशीस तांबडा रंग नीट दिसत नाहीं, पक्ष्यांस तो दुरून दिसतो. म्हणून पांखरांस बोलावणारीं फुलें बहुधा लालभडक आणि वासहीन, तर रात्रीच्या पतंगांस बोलावणारीं पांढरीं आणि सुवासिक. लाल कर्दळीची पत्रिका मुळांत हमिंगबर्ड नांवाच्या चिमुकल्या पक्ष्यासाठीं होती. हवेंत एका जागीं तरंगत तो मध पितो. पण अमेरिकेबाहेर तो कोठेंच नाहीं. इकडे ती पत्रिका शिंजीरानें उघडली. देठावर बसून, मान वांकवून, तो आपली बांकदार चोंच फुलांत घालतो. देवचाफ्याची तऱ्हा निराळी. तो रात्रभर सुगंध पसरून पतंगांस बोलावतो आणि मधाचा थेंबही देत नाहीं. असे यजमान मनुष्यांतही आढळतात.

पण पाहुण्यास पांखरांनीं मानलें एवढ्यानें सर्व भागत नाहीं, हें घाणेरीनें दाखवून दिलें. तीही अमेरिकेची, १९ व्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेंत आली. तिचीं रंग बदलणारीं फुलें फुलपांखरांस आवडलीं, काळीं फळें बुलबुलांनीं खाल्लीं आणि बिया रानोरान पेरल्या. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें तिनें व्यापलेलें भारतीय वन सुमारें दीड लक्ष चौरस किलोमीटर ठरविलें. म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र! गुरांस तिचा पाला विषारी, आणि तिच्या जाळींत गवतास जागा उरत नाहीं.

हा विचार आमच्या परसांत येऊन ठेपला तो एका जुन्या पांगाऱ्यामुळें. अंगभर कांटे, माघांत अंगावर एक पान नाहीं, आणि एक फांदी शेजाऱ्यांच्या भिंतीवर टेकलेली. “बाबा, हें वाळलेलें लांकूड राखून काय करायचें? तिथें गुलमोहर लावूं,” असें चिरंजीव म्हणाले. सावली आणि शोभा या दोन्ही बाबतींत त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आम्हीं फाल्गुनापर्यंत मुदत मागितली.

फाल्गुनांत त्या निष्पर्ण फांद्यांवर लाल तुरे आले, आणि उजाडतांच मंडळी जमूं लागली: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, आणि तुऱ्यातुऱ्यांतून हिंडणारा शिंजीर. कोणाचें कपाळ परागांनीं माखलेलें, कोणाची चोंच. कोंकणांत मिरवेल चढविण्यास उपयोगी पडणारें हें झाड उन्हाळ्याच्या तोंडावर एवढीं तोंडें पोसतें, हें चिरंजीवांनींही गच्चीवर उभे राहून पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. दोन दिवसांनीं त्यांनींच माळ्यास बोलावून भिंतीवरची फांदी तेवढी छाटविली. गुलमोहर परसाच्या दुसऱ्या टोकास लागला.

प्रत्येक परसांत दोन टोकें असतातच असें नाहीं. रस्ता रुंद करतांना पळस, पांगारा, सांवर आधीं जातात, कारण ज्या दिवशीं कुऱ्हाड येते त्या दिवशीं तीं बहुधा फुललेलीं नसतात. झेंडू आम्ही पूर्वींप्रमाणेंच आणूं, देवचाफाही परडींत राहील. नवें झाड घेतांना मात्र रोपें विकणाऱ्यास फुलाचा रंग विचारण्याबरोबर, याच्यावर कोण येऊन बसतें, हेंही विचारावें. त्यास उत्तर देतां आलें नाहीं, तर फाल्गुनांत एखाद्या फुललेल्या पांगाऱ्याखालीं घटकाभर उभें राहावें.