कौलांची मोजदाद

पाडकामाचा ठेकेदार सकाळी आठला आला. हातात चौकटीची वही, कानावर पेन्सिल. धारवाडच्या माळमड्डीतलं आमचं घर त्यानं एकदा बाहेरून पाहिलं, एकदा आतून पाहिलं आणि अंगणातल्या कट्ट्यावर बसून यादी करायला घेतली. सागवानी दारं सहा. खिडक्या अकरा, गजांसकट. तुळया. वासे. शहाबादी फरशी, न फुटता निघेल तेवढी. दगडी पायऱ्या तीन. कौलं, मोजून. त्या यादीची प्रत माझ्याकडे आहे. ही दुसरी यादी, त्यानं न घेतलेल्या सामानाची.

पण आधी कौलांचं सांगतो, कारण ती त्यानं घेतली.

पोऱ्यानं छपरावरून एक कौल उतरवलं. ठेकेदारानं ते उलटं केलं, हातानं कोळिष्टक पुसलं आणि बोटानं टिचकी मारून ऐकलं. चांगलं भाजलेलं कौल खणखणीत वाजतं, चीर गेलेलं बद्द. पाठीवर इंग्रजी अक्षरं उठलेली: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. तो चपापला. ‘भाळ हळेदैती री,’ म्हणाला, फारच जुनं आहे हो. आणि कौलामागे दोन रुपये वाढवून बोलला.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, 1865 हे कौलाचं वय नव्हे. त्या साली मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसानं मंगळुराजवळ जेप्पूला, नेत्रावतीच्या काठी, कौलांचा पहिला कारखाना काढला; पुढे कौल कधीही भाजलेलं असो, ठसा तोच. आमचं घर 1911 चं. धाकट्या भावानं मला मराठीत सांगितलं की आता तोंड मिट. ठेकेदार हुबळीचा. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि स्वच्छ मराठीत भावाला म्हणाला, ‘राहू द्या, साहेब खरं बोलले.’ वाढवलेले दोन रुपये तेवढे परत खाली आणले.

असं मराठी कळणारा हुबळीचा माणूस, हा आमच्या यादीतला पहिला जिन्नस म्हणायला हरकत नाही. तो पन्नाशीचा होता. त्याच्या पोऱ्याला मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं, आणि त्यात पोऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माळमड्डी. माळ आपला, मड्डी कन्नडातली. खडकाळ उंचवट्याला तिकडे मड्डी म्हणतात. आजोबा म्हणायचे, ओसाडपणा दोन भाषांत सांगितला तेव्हा कुठे लोकांना पटलं. उघड्या माळावर वस्ती यायला दोन कारणं झाली, रेल्वे आणि प्लेग. प्लेगनं पेठांतली माणसं मोकळ्या हवेत काढली. आणि सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ठाणंच धारवाडात होतं; नावात मराठा, कारभार इंग्रजी, गाव कन्नड. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली, ठाणं मद्रासला गेलं. रिकाम्या दगडी इमारतीत 1917 साली कर्नाटक कॉलेज उघडलं. म्हणजे ज्या आवारात कारकून खतावण्या लिहायचे तिथं पोरं शेक्सपिअर पाठ करू लागली. इमारत आजही आहे, कॉलेजही आहे, तेव्हा ते आपल्या यादीत येत नाही.

आमचे पणजोबा रेल्वेतले नव्हेत, कलेक्टर कचेरीतले. तेव्हा मुंबई इलाखा सिंधपासून कारवारपर्यंत एकच, त्यामुळे साताऱ्याहून धारवाडला बदली होणं म्हणजे काही परमुलुखाला जाणं नव्हतं. बदली हा यादीतला दुसरा जिन्नस. 1 नोव्हेंबर 1956 ला धारवाड म्हैसूर राज्यात गेलं आणि या बदल्यांची वाट बंद झाली. सोयरिकी मात्र सांगली-पुण्याकडेच होत राहिल्या. त्यामुळे आमच्या घरात सासरी गेलेल्या मुली पुण्यात आणि नोकरीला गेलेले मुलगे बेंगळुरात, असा हिशेब तीन पिढ्या चालला. घर पडतंय ते खरं या हिशेबानं. त्यात कुणाचा दोष नाही, बिल्डरचाही नाही.

मिरजेला गाडी बदलणं. पुण्यापासून मिरजेपर्यंत 1971 च्या सुमारास मोठी लाइन झाली, मिरजेच्या खाली मात्र मीटरगेजच राहिली, ती पार नव्वदच्या दशकापर्यंत. त्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याहून धारवाडला येणाऱ्यानं मिरजेला उतरायचं, होल्डॉल, ट्रंक, फळांची करंडी आणि झोपेतली पोरं एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यायची आणि छोट्या डब्यात जागा धरायची. आई हमालाशी मिरजेच्या फलाटावर मराठीत घासाघीस करायची आणि धारवाडला उतरल्यावर कन्नडात. हे गेलं ते बरंच झालं.

आड. घराच्या मागच्या अंगाला, दगडानं बांधलेला. रहाटाची लोखंडी कप्पी ठेकेदारानं यादीत घेतली. आड घेता येत नाही. तो बुजवायचा किती, एवढंच त्यानं विचारलं. सवदत्तीच्या मलप्रभेच्या धरणातलं पाणी नळाला आलं तेव्हा रहाट थांबला. मग नळाचं पाणी चार-चार, आठ-आठ दिवसांनी येऊ लागलं, तेव्हा आम्ही टाक्या बांधल्या, बोअर मारला, पण आडाकडे कुणी वळलं नाही. दोराचे वळ काठच्या दगडावर बोटभर खोल आहेत. एक दगड मी काढून ठेवायला सांगितला होता. तो काढताना दुभंगला.

वैनी. ही वस्तू नव्हे, हाक आहे. धारवाडच्या कन्नडात भावाच्या बायकोला वैनीच म्हणतात, काकाला काका आणि मामाला मामा. तिकडून आम्ही अक्का आणि अण्णा घेतले. उत्तरादी मठाच्या बाजूचं माध्व घर, समोरचं कोकणी बोलणारं सारस्वताचं, पलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेल्या मुदलियारांचं: सगळ्या घरांतली मधल्या वयाची बाई वैनी. दारातून ‘वैनी, अदीरेन री?’ अशी हाक आली, आहात का हो, की आतून चार बायका ओ द्यायच्या. आमचं मराठीही असंच. पुण्याची चुलतभावंडं हसायची, कारण आम्ही ‘बसा की’, ‘जेवण झालं काय’ म्हणायचो आणि ‘काय’वर सूर कन्नडासारखा वर न्यायचो. कधी जोरात ‘हौद्री’, होय हो, निघून जायचं. पुण्यात आमचं मराठी अशुद्ध आणि धारवाडात आमचं कन्नड. मला विचाराल तर दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. आता कॉलनीतली मुलं सगळ्यांना आंटी म्हणतात, आणि आंटीचं व्याकरण चुकत नाही.

इथं एक साल नोंदवून ठेवतो, कारण मराठी वाचकांना ते सहसा माहीत नसतं. धारवाडच्या साधनकेरीत राहणारे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडात लिहीत. त्यांना ‘नाकु तंती’साठी 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. त्याच 1973 साली जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचं पारितोषिक जाहीर झालं, जे त्यांनी परत केलं. जी. ए. धारवाडातच, जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. घरात मराठी बोलणारा कन्नडाचा कवी आणि कन्नड गावातला मराठीचा कथाकार, दोघांचा टपालाचा गाव एकच. तेव्हा याचं कुणाला फारसं कौतुक वाटल्याचं मला आठवत नाही. आमच्या वडिलांना जी. ए. पत्त्यांच्या डावाबद्दल माहीत होते, कथांबद्दल नंतर.

भिंतीपलीकडचा रेडिओ. धारवाड केंद्र 8 जानेवारी 1950 ला सुरू झालं. आमचा संच बिघडलेला असला तरी बिघडत नसे. मल्लिकार्जुन मन्सूर गात असले की अर्धी आळी एकाच स्वरात चालायची, आणि ‘अण्णांचं आहे का आज?’ असं विचारलं की कोण अण्णा हे सांगावं लागत नसे.

दारावरचा गवळी. धारवाडचे गवळी घरात मराठी बोलतात, पिढ्यान् पिढ्या. आमच्या मराठीहून जुनं वळण आहे त्यांचं. धारवाडी म्हशीच्या दुधाला आणि लाइन बाजारातल्या पेढ्याला आता मोठं नाव आहे. पेढा कुठं जात नाही. गवळी पहाटे मापानं दूध घालायचा आणि वर धार सोडायचा, त्या वरच्या धारेचा हिशेब कुणी ठेवत नसे. पिशवीला वरची धार नसते.

यादीत आणखी काय? कोनाडे, नऊ. भिंत पडली की कोनाडाही पडतो. माजघरातला अंधार, जो उन्हाळ्यात दुपारी दोनला हवासा वाटायचा. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून जमिनीवर पडणारा उन्हाचा चौकोन सरकत कोठीच्या दारापाशी गेला की आजी चहाचं आधण ठेवायची. काचेचं कौल ठेकेदारानं घेतलं नाही. म्हणाला, वाटेत फुटतं. घरी आणलं, खरंच फुटलं होतं.

आणि ट्रंकेतली वही. पणजोबांची, घर बांधतानाच्या खर्चाची, सगळी मोडीत. आमच्यातलं कुणी मोडी वाचू शकत नाही. आकडे तेवढे लागतात, कारण मोडीतले आकडे देवनागरीहून फार दूर नाहीत.

कौलं दोन टेम्पोंतून गेली. आठवड्यानं मी पुतण्याबरोबर त्यांच्या मागं गेलो. पुतण्या बेलूरला नोकरीला आहे. बेलूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे होयसळांची शिल्पं येतात. ते बेलूर हासनकडचं. आमचं बेलूर धारवाडहून बेळगावच्या वाटेवर, मुम्मिगट्टीच्या पुढचं खेडं. तिथं आता औद्योगिक वसाहत आहे आणि टाटांच्या बसगाड्या तिथं बांधल्या जातात. पुतण्यानं त्याच बाजूला प्लॉट घेतलाय. एकशे पंधरा वर्षांपूर्वी पणजोबा ज्या कारणानं माळमड्डीला आले, त्याच कारणानं: कामाच्या जवळ, मोकळा माळ, परवडणारी जागा. झाडं अजून खांद्याइतकी झालेली नाहीत. शेजारी एक ओडिशाचा आहे, एक विजयपूरचा. मुलं एकमेकांशी हिंदी बोलतात. मला ते ऐकून वाईट वाटेल असं वाटलं होतं. मुदलियारांची आठवण झाली, एवढंच.

ठेकेदाराचं जुन्या सामानाचं आवार त्याच रस्त्याला, बेलूरच्या अलीकडे. आमची कौलं पन्नास-पन्नासच्या थप्प्यांत उभी रचलेली होती, पाठ बाहेर, 1865 सगळ्यांना दिसेल अशी. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती जुन्या वळणाचं छप्पर करायला हवी आहेत. भाव मी विचारला नाही. कौलाचं वयही या खेपेला कुणाला सांगितलं नाही.

भरलेली कौलं 2,612. ठेकेदारानं पावतीवर तसं लिहून दिलंय. पणजोबांच्या वहीत नवव्या पानावर एक आकडा आहे, 2,850, त्याच्यापुढे मोडीत दीड ओळ. ती ओळ कौलांचीच असेल तर एकशे पंधरा वर्षांत आमची 238 कौलं फुटली, वानरं आणि क्रिकेट धरून. ती विटांची किंवा चुन्याच्या घमेल्यांची असेल तर हा हिशेब चुकलाय. मोडी वाचणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा. वही द्यायची नाही, पण नवव्या पानाचा फोटो पाठवतो.