अण्णांचा डाख

अण्णा गेल्यानंतर सोळा वर्षे आमच्या सांगलीच्या घरातील ते काचेचे कपाट कोणी उघडले नव्हते. आत ‘क्वाड २’ या इंग्रजी व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरांची जोडी होती. उजव्या स्पीकरसाठी एक, डाव्यासाठी एक. भुसार मालाचे दुकान चालवणाऱ्या माणसाने १९७४ साली मुंबईच्या चोरबाजारातून ही वस्तू आणावी, याचे नातलगांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिले. आईला नवल नव्हते, राग होता. त्या वर्षी तिच्या पाटल्यांचा बेत राहून गेला होता.

इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कारखान्यात १९५३ पासून हा अॅम्प्लिफायर तयार होऊ लागला. शक्ती अवघी १५ वॅट. पण गाणाऱ्याचा श्वाससुद्धा त्यातून ऐकू येतो, असे अण्णा म्हणत.

गेल्या दिवाळीत धाकटा भाऊ म्हणाला, “विकून टाकू. मूळ स्थितीतल्या जोडीला परदेशात चांगला भाव येतो. फक्त तू आत हात घालू नकोस.” आई एवढेच म्हणाली, “त्याआधी एकदा वाजवून दाखव.”

तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या माझ्याकडून तेव्हा जी चूक झाली, ती विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. दीर्घकाळ बंद असलेले यंत्र प्रथम सिरीज दिव्यातून जागे करायचे असते. आत दोष असेल तर दिवा उजळतो आणि यंत्र वाचते. मी सरळ प्लग लावला. चार-पाच मिनिटांत उजव्या अॅम्प्लिफायरमधील एका ‘केटी ६६’ व्हॉल्व्हची प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली. बटण बंद करेपर्यंत खोलीत जळका वास भरला होता. दारात उभी असलेली आई काही न बोलता आत गेली.

दोष उघड होता. ‘ईएफ ८६’ व्हॉल्व्हकडून येणारा नाद ‘केटी ६६’कडे सोपवायचा आणि मधला उच्च दाब मात्र अडवायचा, हे दोन लहान कंडेन्सरांचे काम. म्हातारपणी ते गळू लागतात. मग व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि दोन्ही ‘केटी ६६’ना सामाईक असलेला १८० ओहमचा रेझिस्टन्स भाजून निघतो.

दुसऱ्या दिवशी, साठलेला ३०० व्होल्टहून अधिक दाब उतरवून, मी तळपत्रा उघडला. त्या जागी १८० चा रेझिस्टन्स नव्हताच. शेजारी-शेजारी दोन होते, ३९० आणि ३३० ओहमचे, जाडजूड, अडाणी डाखाने जोडलेले. तळपत्र्याच्या आतल्या बाजूस पेन्सिलने लिहिले होते: ३९० × ३३० ÷ ७२० = १७८.७५. अक्षर खतावणीतले. सात अण्णांचाच, शेपूट लांबवलेला.

“मुंबईला दाखवून आणला,” असे ते आम्हांला सांगत. मी तर त्या काळी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो! मला विचारले असते तर? विचारले असते, तर मी बहुधा हसलो असतो.

अण्णांनी मूळ दोष सोडून लक्षणावर उपाय केला होता, हे खरे. जळालेला भाग बदलला, जाळणारा तसाच राहिला. परंतु दोन रेझिस्टन्स जोडल्याने उष्णता वाटली गेली, म्हणूनच माझ्या उतावळेपणाचा ताप त्यांनी सोसला. मीटरवर मोजले तर जोडी १८१ भरली.

भावाला फोन करून मी ‘मूळ स्थिती’ संपल्याचे सांगितले; खरे तर ती अण्णांनीच संपवली होती. गळके कंडेन्सर आणि फिल्टरचा मोठा कंडेन्सर बदलले, लाल झालेला व्हॉल्व्हही. जुने भाग डब्यात ठेवले. त्या दोन रेझिस्टन्सना हात लावला नाही.

या वेळी सिरीज दिवा क्षणभर उजळून मंद झाला. मग थेट विजेवर अर्धा तास नुसतेच चालवून पाहिले आणि एकाच स्पीकरवर कुमार गंधर्वांची तबकडी लावली. आई खुर्ची ओढून बसली. पहिली बाजू संपेपर्यंत ती बोलली नाही.

“दुसऱ्यातही त्यांनी काही लिहिले असेल का रे?” तिने विचारले.

डावा अॅम्प्लिफायर अजून उघडायचा आहे.