हजेरीतलं नाव

वाचकमित्रहो, दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे आता गावोगाव होतात. दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो, वर्गणी ठरते, जेवणाचा मेन्यू ठरतो. स्वतःच्या मेळाव्याला तुम्ही गेला असालच. पण बायकोच्या किंवा नवऱ्याच्या शाळेच्या मेळाव्याला कधी गेला आहात का? नसाल, तर एकदा जरूर जा. आपलं माणूस आपल्याला भेटण्याआधी कोण होतं, हे तिथं कळतं.

माझी पत्नी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. लग्नानंतर आम्ही नाशिकला स्थायिक झालो. तिची १९९४ ची दहावीची बॅच तीस वर्षांनी एकत्र आली, तेव्हा मीही सोबत गेलो.

मेळावा ठरवणाऱ्यांची पहिली अडचण काय होती, माहीत आहे? मुली सापडेनात! मुलगे पंधरा दिवसांत गोळा झाले. कुणाचं दुकान तिथंच, कुणाचं घर त्याच गल्लीत, आणि फेसबुकवर नाव टाकलं की माणूस हजर. मुलींचं तसं नव्हतं. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, काहींचं तर पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. मग वर्गातल्या दोघी-तिघींनी कंबर कसली. जुन्या पत्त्यांवर जाऊन त्या मैत्रिणींच्या आयांना भेटल्या, भावांकडून नंबर घेतले. एकीचा पत्ता तर तिच्या माहेरच्या घरमालकाकडून लागला. वर्गात एकवीस मुली होत्या, त्यांतल्या अठरा सापडल्या आणि तेरा आल्या. तिघींचा माग मात्र शेवटपर्यंत लागला नाही.

शाळेच्या पटांगणात पाऊल टाकलं आणि एकाने मला विचारलं, "तुम्ही हिचे मिस्टर काय?" दिवसभर माझी तीच ओळख राहिली. माझं नाव, हुद्दा, शाळा कुणी विचारलं नाही. खरं सांगतो, मजा वाटली. आपल्याकडे 'अमक्यांच्या मिसेस' म्हणून किती बायका वर्षानुवर्षं वावरतात! मला तर एकच दिवस 'मिस्टर' व्हायचं होतं.

त्याहून मोठं नवल पुढं होतं. नाशिकला 'मी येते, मी करते' म्हणणारी माझी पत्नी गेटमधून आत शिरली आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, सकाळीच आलो बघ! आईकडं चहा घेतला आणि निघालो."

मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना सहज 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. प्रमाण मराठीच्या व्याकरणात ते पुल्लिंगी रूप आहे. पण बोलीला स्वतःचा नियम असतो. शेजारच्या कन्नडमध्ये 'मी'बरोबर येणाऱ्या क्रियापदात स्त्री-पुरुष असा भेद नसतो. त्या शेजाराचा हा परिणाम असावा, असं मला वाटतं. कारण काहीही असो, इतकी वर्षं घडी घालून ठेवलेली बोली एका क्षणात बाहेर आली. दिवसभर ती 'आलो, गेलो, जेवलो' करत होती आणि तिचा आवाजही एक पट्टी वर चढला होता.

मग वर्ग भरला. ऐंशीच्या घरातले सर आले. कुणीतरी जुन्या हजेरीपटावरून यादी उतरवून आणली होती. सर एकेक नाव वाचू लागले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पन्नाशीकडे झुकलेली माणसं उभी राहून "हजर सर" म्हणत होती. दोन नावांना वर्गातून उत्तर आलं, "सर, तो गेला." ज्या तिघी सापडल्या नव्हत्या, त्यांची नावंही सरांनी पूर्ण वाचली, थोडं थांबले आणि मगच पुढं गेले.

माझ्या पत्नीचं नाव आलं. लग्नपत्रिकेनंतर ते नाव मी बहुधा पहिल्यांदाच पुरं ऐकत होतो. ती उठली. सर म्हणाले, "भूमितीचा प्रमेय फळ्यावर आधी ही सोडवायची, मग मी." मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि आम्ही हिच्या वहीतनं उतरून घ्यायचो!" सगळा वर्ग हसला. आमच्या दोन्ही मुलांचं गणित तिनंच घेतलं होतं, पण वर्गानं तिच्या वह्या उतरवून घेतल्याचं तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं.

जेवणात तांबडा-पांढरा रस्सा होता. पंगतीत पत्नीशेजारी बसलेली एक मैत्रीण मात्र सारखं घड्याळ पाहत होती. तिनं घरी सांगितलं होतं, "अंबाबाईच्या दर्शनाला जातो." मुलं-मुली एकत्र असलेल्या मेळाव्याला घरून परवानगी मिळाली नसती. ग्रुप फोटोच्या वेळी ती बाजूला झाली. "मला फोटोत घेऊ नका आणि कुणी स्टेटसला लावू नका," एवढंच म्हणाली. तीन वाजता निघाली. जाताना खरोखरच देवळात जाऊन प्रसाद घेणार होती, घरी दाखवायला.

वाचकहो, हे त्याच कोल्हापुरात घडलं, जिथं राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुलगी शाळेत जाणं आज आपल्याला सवयीचं झालं आहे. पण शाळेत तिनं मिळवलेली माणसं पुढं तिच्याजवळ राहतात का? मुलाचा वर्गमित्र जन्मभर मित्र राहतो. मुलीचा वर्ग मात्र पुष्कळदा लग्नाच्या मांडवाशीच संपतो.

नाव बदलायलाच हवं, असं कोणताही कायदा सांगत नाही. ती रूढी आहे. कुणाला ती मनापासून पाळायची असेल तर तोही तिचाच निर्णय. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावण्याचा नियम केला आहे. आई निदान कागदावर तरी आली. घराघरांत यायला अजून वेळ लागेल.

शिक्षक बांधवांनो आणि भगिनींनो, दहावीचा वर्ग निरोप घेतो तेव्हा मुलींना एक सांगा. पाच मैत्रिणींचे पत्ते एका वहीत लिहून ठेवा, आणि नाव बदललं तर एकमेकींना कळवा. मेळावा भरवणाऱ्यांनी निमंत्रण माहेरच्या नावानं लिहावं आणि जोडीदारालाही आवर्जून बोलवावं. आणि जोडीदार म्हणून जाणाऱ्यांनो, शेवटच्या बाकावर बसा. घड्याळ पाहू नका. "निघायचं का?" हा प्रश्न तिला विचारू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आजचा गृहपाठ सोपा आहे. घरी गेल्यावर आईला किंवा आजीला विचारा, "शाळेत तुझं पूर्ण नाव काय होतं? तुझ्या बाकावर शेजारी कोण बसायचं?" उत्तर वहीत लिहून आणा. आणि जमलं, तर त्या शेजारणीचा नंबर शोधून द्या.