पावसाळी चीर

कोणत्या माणसास कोणता नाद लागेल ह्याचा नेम नसतो. आमच्या व्यवसायबंधूंपैकी एकास जुन्या नाण्यांचा नाद आहे, दुसऱ्यास शब्दकोड्यांचा. तिसरे एक गृहस्थ सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरली असता बासरी शिकू लागले आहेत, आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या सहनशीलतेचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. आमचा नाद हत्यारांचा आहे. हत्यारे म्हणजे कानस, पकड, पेचकस आणि हातोडी, हे प्रथमच सांगून ठेवलेले बरे. कारण मराठीत सुताराच्या पटाशीसही हत्यार म्हणतात आणि शिपायाच्या बंदुकीसही. आमच्या घरात ह्या दोन अर्थांची एकदा गल्लत झाली. तिचा परिणाम चाळीसांहून अधिक वर्षे टिकला. यंदाच्या पावसाळ्यात त्याचा काहीसा उलगडा झाला, म्हणून हे लिहावयास बसलो.

देवरी हे आमचे गाव. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता, पूर्वी ज्याचा क्रमांक ६ होता आणि आता ५३ आहे, तो येथून पुढे लवकरच छत्तीसगडात शिरतो. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यातले. हमरस्त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात, पण रस्त्यापासून थोडे आत वळले की धानाच्या बांध्या लागतात आणि बांध्यांच्या पलीकडे रान. आमचे घर जुने, कवेलूंचे. पुढे आमच्याकडे जिला छपरी म्हणतात ती मोकळी पडवी, मागे गोठा. छपरीच्या एका कोपऱ्यात सागवानी मेज, त्याला जोडलेला एक शिकंजा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली अवजारे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आलो की आमचा उरलेला दिवस ह्या कोपऱ्यात जातो. शेजाऱ्यांची कुलुपे, शिलाईची यंत्रे, फवारणीचे पंप, बंद पडलेली घड्याळे येथे येतात. त्यांतील काही दुरुस्त होऊन परत जातात. बाकीच्यांविषयी शेजारी सभ्यपणाने विचारीत नाहीत.

हा नाद आम्हांस एका बंदुकीपायी लागला. आमच्या आजोबांनी ती नागपुरास जुनीच विकत घेतली होती. विंचेस्टर ह्या अमेरिकन कंपनीची, चापाखाली लोखंडी कडी असलेली ती बंदूक घरात ‘कडीची’ ह्याच नावाने ओळखली जाई. ह्या जातीची सर्वांत प्रसिद्ध बंदूक त्या कंपनीने १८७३ साली काढली. पुढे १८८६ पासून युटा प्रांतातील जॉन ब्राउनिंग ह्या कारागिराने तिचे अधिक बळकट नमुने रचून दिले. ब्राउनिंग हा बापाच्या बंदुका-दुरुस्तीच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला माणूस. कडीची रचना पाहिली म्हणजे ती एखाद्या कागदावर नव्हे, तर हातातच सुचली असावी असे वाटते. कडी खाली ओढली की आतील दट्ट्या मागे सरे, उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई, घोडा चढे, आणि नळीखालच्या नळकांड्यातून पुढचे काडतूस पाळण्यात बसल्यासारखे वर येई. कडी वर घेतली की ते नळीत शिरे आणि मागची वाट पक्की बंद होई. एका हाताची एक ये-जा, आणि तेवढ्यात इतकी कामे! बारा वर्षांच्या मुलाला वेड लावण्यास आणखी काय हवे?

आमच्या वडिलांपाशी पीकसंरक्षणाचा परवाना होता. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपलेच होते, आणि वडिलांना शिकारीची हौसही नव्हती. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरत. वडील मचाणावर बसून हवेत एक बार काढीत, आणि त्या रात्रीपुरते काम भागे. सकाळी ते रिकामी पुंगळी बांधीतून शोधून आणीत व पत्र्याच्या एका डब्यात टाकीत. काडतुसे परवान्यावर नोंद होऊन मिळत, तेव्हा प्रत्येकाचा हिशेब आपल्यापाशी असावा असा त्यांचा कटाक्ष होता. दर रविवारी बंदूक पुसली जाई. गज, फडके आणि तेलाची बाटली धरण्याचे काम आमचे. पेचकसाला मात्र सक्त मनाई होती. “आतले काम परवानेवाल्या कारागिराचे,” असे वडील सांगत. कायदाही तेच सांगतो. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याप्रमाणे शस्त्र वापरण्यास जसा परवाना लागतो, तसा ते दुरुस्त करण्यासही लागतो. बंदुकीचा सुटा भागही शस्त्रातच मोडतो आणि काडतुसाचा सुटा भाग दारूगोळ्यात.

एका पावसाळी दुपारी वडील आमगावास गेले असता आम्ही ती बंदूक उघडली. पाळणा वर कसा येतो एवढेच पाहावयाचे होते. आभाळ भरून घरात अंधार झाला होता, म्हणून आमचा धाकटा भाऊ, जो तेव्हा आठ वर्षांचा होता, बॅटरी धरून उभा राहिला. दोन पेच निघाले. तिसऱ्याबरोबर एक बारीक कमान टणकन उडाली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या कोणत्या फटीत गेली ते आजतागायत कळलेले नाही. वडील परत आले तेव्हा बॅटरी भावाच्या हातात होती. त्यांनी विचारले, “कोणी केले हे?” आम्ही गप्प राहिलो. भावाने आमच्याकडे पाहिले. त्यानेही नाव घेतले नाही. थप्पड त्याला बसली. आम्ही त्या वेळी बोललो नाही, रात्रीही बोललो नाही, आणि पुढे कधीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वडील बंदूक घेऊन नागपुरास कारागिराकडे गेले. पुंगळ्यांचा डबा त्यांनी कपाटातून काढून गोठ्याच्या माळ्यावर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवला.

वडील वारले त्याला आता बारा वर्षे झाली. वारसाने एक तर आपल्या नावे परवाना मागावा, नाही तर शस्त्र ठाण्यात वा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करावे, असा नियम. आम्हांस बंदूक नको होती. तेराव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही ती उरलेल्या काडतुसांसह ठाण्यात जमा केली, पावती घेतली, आणि नागपुरास नोकरी करणाऱ्या भावास सवडीने कळवले. वस्तुतः त्याला ती हवी होती. तो रीतसर अर्ज करणार होता. तो आला, पावती पाहिली, आणि एवढेच म्हणाला, “दादा, तेव्हाही तू बोलला नाहीस.” त्यानंतर लग्नकार्यात भेट होई, नमस्कार होई, मुलांच्या परीक्षांची चौकशीही होई. भांडण असे झालेच नाही. आम्ही स्वतःची समजूत घातली होती की, बंदुकीसारख्या वस्तूवरून रुसणारा माणूस कालांतराने आपोआप निवळतो.

यंदा आषाढात गोठ्याचे कवेलू फेरताना मजुराने माळ्यावरून तो डबा खाली आणला. आम्ही त्याला साफ विसरलो होतो. छपरीतील मेजावर पुंगळ्या ओतल्या तेव्हा त्या सत्तावीस भरल्या. काळवंडलेल्या पितळेचा तो ढीग पाहून आमच्या हातास खाज सुटली. चिंचेच्या कोळाने एक घासून पाहावी म्हणून उचलली, तो बोटास काहीतरी टोचले. पुंगळीच्या तोंडापासून खाली सरळ उभी चीर गेलेली. दुसरी पाहिली, तीही तशीच. भिंग लावून एकेक तपासली. सत्तावीसांपैकी अकरा फुटलेल्या होत्या. त्या डब्याला चार दशकांत माणसाचा धक्काही लागला असेल असे वाटत नाही. मग फुटल्या कशा?

येथे आम्हांस आमचीच लाज वाटली. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. काडतुसाचे पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते निवडण्याचे कारण असे की, बार होताच पुंगळी क्षणभर फुगून नळीला आतून घट्ट चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दुसऱ्याच क्षणी आकसून मोकळी होते. पत्र्याच्या चकतीची प्रथम वाटी करतात आणि ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा ओढून लांब करतात. थंड धातू असा ओढला, की तो कडक होतो आणि त्याच्या अंगात ताण साठतो. हे भंडाऱ्याच्या तांबटास पुस्तकावाचून ठाऊक असते. भांडे ठोकून कडक झाले की तो ते भट्टीत घालून पुन्हा नरम करतो. परंतु शेवटच्या ओढीनंतरचा ताण पुंगळीत तसाच राहिला, तर तो डोळ्यांस दिसत नाही. पुंगळी चकचकीत असते, मापात असते, वाजवली तर छान वाजते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातील फौजेला ह्याचा विलक्षण अनुभव आला. १८५७ चा भडका ज्यांच्या वेष्टनावरून उडाला ती कागदी काडतुसे जाऊन पितळी आली होती, आणि ती रणांगणावर दगा देण्याऐवजी कोठारात पडल्यापडल्या फुटू लागली. हे घडे विशेषतः पावसाळ्यात, आणि विशेषतः घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या बाबतीत. लाकूड वाळताना तडकावे तशा त्या चिरा. ‘ऋतूची चीर’ अशा अर्थाचे नाव त्यांस पडले. खरे कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघा संशोधकांनी सिद्ध केले. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघतो. ओलसर हवेत तो तांब्याला विरघळवतो. मोरचुदाच्या द्रावात अमोनिया घातला की जो गर्द निळा रंग चढतो तो ह्याच मैत्रीचा. नुसत्या अमोनियाने पुंगळी उभी फुटत नाही, नुसत्या ताणानेही फुटत नाही. आत साठलेला ताण आणि बाहेरची ती झणझणीत ओल ह्यांची गाठ पडली, म्हणजे मात्र धातूच्या कणाकणांच्या सांध्यातून चीर चालू लागते. आमचा डबा गोठ्यावर होता. इतके पावसाळे खालून गोमूत्राचा वास त्याच्यावर जात होता. आणि तो तेथे कोणामुळे गेला होता, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

ह्यावरचा उपाय साधा आहे, आणि तोही आम्ही वर्गात सांगतो. पुंगळी तयार झाल्यावर तिला अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत काही वेळ मंद ऊब द्यावयाची. तेवढ्याने पितळ नरम पडत नाही, त्याचा कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. आतला ताण मात्र निघून जातो. अट एकच. हे चीर पडण्यापूर्वी करावे लागते. चिरलेली पुंगळी कितीही तापवली तरी सांधत नाही.

त्या रात्री आम्ही भावाला दूरध्वनी केला. पुंगळ्या ठाण्यात द्यावयाच्या आहेत, वडिलांच्या आहेत, तुला विचारल्यावाचून नेणार नाही, असे सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “एवढ्यासाठी फोन केलास?” आम्ही म्हटले, “नाही. ती कमान मी उडवली होती, हे बाबांना सांगायचे राहून गेले. ते आता ऐकायला नाहीत. तू आहेस.” पन्नाशी उलटलेल्या, तीस वर्षे बोलण्याचाच पगार घेणाऱ्या माणसास एवढी तीन-चार वाक्ये उच्चारण्यास किती श्रम पडतात, ते त्या दिवशी कळले.

रविवारी तो आला. आम्ही दोघे डबा घेऊन ठाण्यात गेलो. तेथील हवालदाराने पुंगळ्या कागदावर मांडून दोनदा मोजल्या आणि विचारले, “सर, ह्यांतल्या अकरा फुटलेल्या दिसतात. तसे लिहू का?” भाऊ म्हणाला, “लिहा. जसे आहे तसे लिहा.” पावतीवर ह्या खेपेस दोन सह्या झाल्या.

सर्व काही पूर्ववत् झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे रसायनशास्त्रालाही धरून होणार नाही. अकरा फुटल्या त्या फुटल्याच. पण सोळा शाबूत निघाल्या, हेही त्या पावतीवर लिहिलेले आहे. दुपारी भाऊ छपरीत येऊन आमच्या मेजावरची मोडकी यंत्रे न्याहाळीत बसला. आम्ही शेजारच्या वहिनींचे शिलाईयंत्र उघडले होते. इतक्यात पाऊस कोसळू लागला आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. पेच कोठे ते दिसेना. भावाने काही न बोलता खिळ्यावरची बॅटरी काढली आणि प्रकाश नेमका यंत्राच्या पोटात धरला.

“कमान सांभाळ, दादा,” तो म्हणाला.

आम्ही एक तळहात खाली धरून मगच पेच फिरवला.