तात्यांची पोटरी

खानापूरकडं आता भातकापणी सुरू होईल, म्हणून हे लिहितोय. आमच्या तात्यांना सुगीतच घोणस चावली, डाव्या पोटरीला. जीव वाचला की माणसं म्हणतात, सुटलो. खरं पायाचं दुखणं तिथून सुरू होतंय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बेळगावला पोचेपर्यंत अडीच तास गेले. गुडघ्याच्या वर कुणीतरी सुतळी करकचून आवळली होती. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवलं नाही. ते गोठलं नाही. लगेच दहा बाटल्या लस चढवली आणि ती सुरू झाल्यावरच सुतळी सोडली. सुतळीनं विष अडत नाही, एका जागी साठून तिथलं मांस जास्त खातं, असं ते म्हणाले.

ही लस घोड्यांच्या रक्तातून करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ती चालते. रक्तातलं विष ती धरते, पण पोटरीच्या मांसात आधीच जे मेलं ते परत येत नाही. स्नायू स्वतःला दुरुस्त करतो म्हणे. त्यात तसल्या पेशी असतात, पण त्यांना रक्तपुरवठा पाहिजे. घोणशीचं विष बारीक रक्तवाहिन्याही फोडतं. मग मेलेल्या जागी चिवट वण भरतो. म्हणून लस जेवढी लवकर, तेवढी पोटरी शिल्लक.

दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी काळपट झाली. मूत्रपिंडाची काळजी म्हणून सलाइन, आणि दर तासाला लघवी मोजणं. मांडी टम्म सुजलेली बघून आमचे एक पाव्हणे म्हणाले, "चिरा मारून मोकळं करा की वो." डॉक्टर भडकलेच. रक्त गोठत नसताना चिरा मारला तर ते थांबवायचं कुणी? आतला दाब खरंच वाढलाय का ते मोजतात, रक्त ताळ्यावर आणतात, मग ठरवतात. तात्यांना चिऱ्याची गरज पडली नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडं ब्लेड काढायची घाई सगळ्यांनाच.

आठवड्याभरानं काळं पडलेलं कातडं आणि मांस ऑपरेशन करून काढलं, नंतर मांडीची त्वचा लावली. मग सगळ्यात कंटाळवाणं काम. वण आखडून टाच जमिनीला टेकेना. व्यायाम घेणारी पोरगी कन्नड, तात्या मराठी. "अज्जा, स्वल्प, स्वल्प" म्हणत ती रोज पाऊल वर ताणायची आणि तात्या तिला आमच्याकडच्या शिव्या द्यायचे. पाच महिन्यांनी टाच टेकली. पोटरी मात्र निम्मीच राहिली, आणि चिखलात रोप लावायला वाकणं संपलं.

आता सुगीत ते बांधावर बसून भारे मोजतात. कुणी गमबूट न घालता भातात उतरला की शिव्या त्याला.